ती रेघ कोणाची

बाबा,

माणूस जातो, त्याचं अक्षर मागे राहतं.

हे वाक्य मी तुमच्या तेराव्यासाठी तयार केलं होतं. तुमच्या मुलाने, निखिलने, सांगलीहून फोनवर सांगितलं, ‘सगळे दोन शब्द बोलणार आहेत. तुला येता येत नाही तर काहीतरी लिहून ईमेल कर, सायबर कॅफेतून छापून आणतो, सुषमाआत्या वाचून दाखवेल.’ मी लिहिलं. पुन्हा वाचलं तेव्हा ते एखाद्या सहकारी बँकेच्या कॅलेंडरवर शोभेल असं वाटलं. शिवाय ते खरं नव्हतं. तुम्ही जन्मभर पाटबंधारे खात्यात आरेखक होता, पण नकाशांवरची तुमची अक्षरं खात्याच्या कपाटांत आहेत आणि कपाटांत वाळवी आहे, हे तुम्हीच सांगायचात. इथे जर्मनीत दोन उन्हाळे तुम्ही जे काही लिहिलंत, त्यातले दोनच कागद उरलेत. एक कायझर्सलाउटर्नमधल्या कुणा करसल्लागाराच्या ऑफिसात टांगलेला आहे. दुसरा माझ्याकडे आहे, आणि तो तुमचा नाही असं तुमचं म्हणणं होतं.

तो वाद मिटला नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात. वाद हरायला लागल्यावर चहा मागायची तुमची सवय मला माहीत होती, पण हे जरा जास्तच झालं.

आत्याला मी चार सरळ ओळी पाठवल्या. तुम्ही प्रेमळ होता, शिस्तीचे होता, नातीवर जीव होता. त्यातलं एकही वाक्य चुकीचं नाही आणि एकही तुमच्याबद्दल नाही. म्हणून हे वेगळं लिहितेय. कोण वाचणार आहे, हे विचारू नका.

मी आले नाही त्याचं कारण सांगायलाही संकोच वाटावा इतकं साधं आहे. माझा पासपोर्ट नूतनीकरणासाठी वकिलातीत गेलेला होता. तुम्हाला मिरजेच्या दवाखान्यात ठेवल्याचं कळलं तसा निखिल निघाला. मी आणि तुमची नात इरा फ्रांकफुर्टच्या विमानतळावर त्याला हात करून परत आलो. पाच दिवसांनी तुम्ही गेलात. तुम्हाला नदीवर नेलं त्या वेळी मी इन्स्टिट्यूटमध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या यंत्रात ताणून त्या कधी तुटतात हे बघत होते. तेच माझं काम आहे, त्याचाच मला पगार मिळतो. त्या दिवशी सगळ्या पट्ट्या अपेक्षेप्रमाणे तुटल्या.

तुमचा पहिला उन्हाळा आठवतो. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. तीन महिन्यांचा व्हिसा आणि दोन बॅगा. एकीत भडंग आणि मेतकूट, दुसरीत तुमची ड्रॉइंगची पेटी. उजव्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. ते तुम्ही घरातसुद्धा खाली ठेवत नव्हता. जेवताना डाव्या बगलेत जायचं, जेवण झालं की पुन्हा उजव्या हातात. मला वाटलं, वाचनाची आवड असेल. वर्तमानपत्र आठवडाभर तेच होतं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचं गाव कायझर्सलाउटर्नपासून बसने अर्ध्या तासावर. पंधरा दिवसांत तुमचा त्यातला रस संपला. ‘गटारांना उतार उत्तम दिलाय,’ हा तुमचा जर्मन संस्कृतीवरचा पहिला आणि शेवटचा अभिप्राय. मग तुम्ही म्हणालात, मला काहीतरी शिकायचंय. इथे प्रत्येक गावात फोल्क्सहोखशूले असते, म्हणजे मोठ्या माणसांची संध्याकाळची शाळा, आणि तिथे काहीही शिकवतात. तुम्हाला जर्मन हवं होतं. तो वर्ग भरला होता. उरलं होतं साल्सा, मधमाश्या पाळणे आणि मंगोलियन सुलेखन.

‘मंगोलियन म्हणजे चंगीझखानाचं?’

‘हो, बाबा.’

‘घाल नाव. तुझ्या सासूबाई असत्या तर साल्साला गेलो असतो.’

दुभाषी म्हणून मलाही नाव घालावं लागलं. मंगळवारी संध्याकाळी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत. बाकीचे जर्मन लोक अंतर्मुख व्हायला आले होते. आपण दोघं वेळ घालवायला.

ओयुनबाई तुम्हाला पहिल्या दिवशी पसंत पडल्या नाहीत. त्या उलानबातरच्या. तरुणपणी पूर्व जर्मनीत रसायनशास्त्र शिकायला आल्या आणि राहिल्या. तुम्ही मला विचारायला लावलंत, की ही लिपी कुठे शिकलात. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, आम्हाला शाळेत रशियन अक्षरं होती, ही जुनी लिपी मी चाळिशीत शिकले. मी तुम्हाला सांगितलं. तुमचं तोंड उतरलं.

‘म्हणजे याही शिकाऊच.’

‘काय म्हणतायत?’ ओयुनबाईंनी मला विचारलं.

‘त्यांना कौतुक वाटतंय,’ मी म्हटलं. दुभाष्याचं अर्धं काम हेच असतं.

मी तुम्हाला बाबा म्हणते हे ऐकून त्यांनी ते तुमचं आडनाव समजलं आणि तुम्ही ‘हेर बाबा’, म्हणजे श्रीयुत बाबा, झालात. तुम्ही दुरुस्त केलं नाही. तुम्हाला ते आवडलं असावं. बाबासाहेब म्हणवून घेण्याच्या जवळपास जात होतं.

मंगोल लिपी उभी. शब्द वरून खाली उतरतो. त्याला डोक्यावर मुकुट असतो, मग दात, मग पोट, शेवटी शेपूट, आणि हे सगळं ज्याला धरून असतं तो कणा. ही नावं मी बनवलेली नाहीत, ते लोक खरंच अशीच म्हणतात. ओयुनबाई जाड कुंचला शाईत बुडवून मोठ्या कागदावर शब्द काढायच्या, तेव्हा एखादं जनावर छपरावरून हळूच खाली सोडल्यासारखं दिसायचं. आम्हा बाकीच्यांचं जनावर वाटेतच मरायचं.

तुम्ही मात्र पहिल्याच तासाला दात असे काढलेत की शेजारची निवृत्त नर्स उठून बघायला आली. एकाखाली एक, नेमके, टोकदार. पोट गोल. शेपूट डौलदार. सगळं एकमेकांपासून सुटं, हवेत. मग तुम्ही बाही सावरलीत, श्वास घेतलात आणि वरून खालपर्यंत एक रेघ ओढून सगळ्यांना जोडून टाकलंत. पाटीवर शब्द लिहून झाल्यावर आपण वर रेघ देतो, तशी.

‘नाइन, नाइन, हेर बाबा!’ ओयुनबाई ओरडल्या. नाही, नाही.

‘काय झालं?’

‘कणा शेवटी काढायचा नसतो म्हणतायत. त्याच्यातूनच उतरत जायचं, वाटेत दात लागतात.’

‘असं कसं? शब्द बरोबर आलाय का ते बघितल्याशिवाय रेघ द्यायची? चुकला तर?’

मी हे भाषांतरित केलं. ओयुनबाई म्हणाल्या, चुकला तर चुकला. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की ही बाई सरकारी खात्यात एक दिवस टिकली नसती.

मग तुम्ही कागद डावीकडे वळवलात. उभा शब्द आडवा झाला. कणा वर गेला आणि दात नि पोट त्याच्याखाली लोंबायला लागले, अगदी आपल्या अक्षरांसारखे. ‘हे बघ! शिरोरेघ! सांग त्यांना, ही मूळची आपलीच.’ मी म्हटलं, ‘बाबा, ही लिपी सीरियाकडून आलीय, वाटेत दहा हात बदलून. आपला संबंध नाही.’ तुम्ही म्हणालात, ‘वाटेत आपल्याकडे थांबली असेल.’ ओयुनबाईंनी तेवढ्यात बाकी सगळ्यांना बोलावून तो आडवा कागद दाखवला, आणि पाच मिनिटं सगळा वर्ग माना वाकड्या करून भारतीय झाला. मग त्यांनी कागद सरळ करून तुमच्यापुढे ठेवला. ‘पुन्हा,’ म्हणाल्या.

पुढच्या मंगळवारी तुम्ही खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढलीत आणि कणा पट्टीने मारलात. कुंचल्याने, पट्टीला धरून. मी जगात असं दृश्य पाहिलं नव्हतं, आणि ओयुनबाईंनीही पाहिलं नसावं. त्यांनी पट्टी उचलली, रुमालाने शाई पुसली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

‘अख्ख्या नोकरीत माझी पट्टी कोणी काढून घेतली नाही,’ तुम्ही बसथांब्यापर्यंत धुमसत होता. ‘एक्झिक्युटिव्ह इंजिनियरने नाही, कोणी नाही.’ मी हसत होते. रागाच्या भरात तुमचं वर्तमानपत्र वर्गात राहिलं होतं. तुमचा उजवा हात रिकामा होता, आणि तो आपल्या आपण हलत होता. अंगठा बोटावर फिरत होता, गोळी वळावी तसा.

मी बघतेय हे तुम्ही बघितलंत. ‘थंडी आहे,’ म्हणालात.

जुलै महिना होता.

तेव्हा मला पट्टी कळली, आणि सुटे दातही कळले. दात म्हणजे लहान लहान झटके, त्यांत हाताचा कंप मिसळून जातो, उलट धार येते. लांब सरळ रेघेत तो लपवता येत नाही. म्हणून ती शेवटी, श्वास रोखून, एका दमात. म्हणून पट्टी. तुमचं एक आवडतं वाक्य होतं, लग्नात मला पहिल्यांदा ऐकवलं होतंत: ‘ज्याची रेघ सरळ, तो माणूस सरळ.’ मी तेव्हा विचारलं होतं, ‘मग तुमच्या खात्यातले सगळे आरेखक सरळ होते?’ तुम्ही प्रामाणिकपणे विचार केलात. ‘रेघा सरळ होत्या,’ म्हणालात. त्या बसथांब्यावर मला ते वाक्य आठवलं आणि थट्टा सुचेना. माझ्यावर अशी वेळ फार येत नाही.

‘निखिलला सांगू नकोस,’ एवढंच तुम्ही म्हणालात. मी सांगितलं, अर्थात. तुम्ही परत गेल्यावर सांगलीच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. इंग्रज डॉक्टरचं नाव आहे म्हटल्यावर तुम्हाला तो जरा भारदस्त वाटला.

दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही आलात ते आखूड पावलं टाकत. गोळी घेतल्यावर तासाभराने हात थोडा शांत व्हायचा, तेवढ्यात तुम्ही कुंचला उचलायचात. पेपर आता हातात नव्हता. ओयुनबाईंनी न बोलता पट्टी परत दिली, तुम्ही न बोलता ती पेटीत ठेवलीत, आणि पुन्हा बाहेर काढली नाहीत. त्या बाईंशी तुमचं तेवढंच बोलणं झालं माझ्याशिवाय, आणि मला वाटतं तेच सगळ्यांत नीट झालं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या वर्गात आपण दोघं सारखेच वाईट होतो. माझी शेपटी नेहमी फाटायची, तुमचा कणा कापायचा. तुम्ही माझा कागद बघून ‘हं’ म्हणायचात, मी तुमचा बघून ‘हं’ म्हणायचे. घरात मी सून होते, तुम्ही सासरे होता, भाजीला मीठ किती हा प्रश्नही आपण निखिलमार्फत सोडवायचो. मंगळवारी दोन तास आपण एका बाकावरचे दोन ढ विद्यार्थी असायचो. त्याचा मला केवढा आराम होता. माझ्या वडिलांबरोबरही मी इतका वेळ शेजारी बसले नाही.

सत्राच्या शेवटी प्रदर्शन ठरलं. प्रत्येकाने एक शब्द लिहायचा, शाळेच्या व्हरांड्यात लावायचा. लोकांनी शब्द मागितले: शांतता, आकाश, अनंत, स्वातंत्र्य. ओयुनबाई फळ्यावर एकेक लिहून देत होत्या. तुमची पाळी आली.

‘कालवा,’ तुम्ही म्हणालात.

‘बाबा, कालवा?’

‘का? मंगोलियात कालवे नाहीत?’

आहेत. सुवाग म्हणतात. ओयुनबाईंना तो शब्द सुलेखनासाठी आजवर कोणी मागितला नव्हता. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ओयुनबाई नवशिक्यांचा हात धरून शिकवायच्या. मागे उभं राहायचं, मनगट पकडायचं आणि एकदा कणा उतरून दाखवायचा, म्हणजे हाताला वजन कळतं. आपण श्री गिरवतो तसंच. सगळ्यांचा हात त्यांनी धरला होता. तुमच्या मागे आल्या की तुम्ही उठून पाणी प्यायला जायचात. ‘सांग त्यांना, मी बालवाडीत नाही.’ मी सांगायचे, ‘आभारी आहेत, नंतर म्हणतायत.’

प्रदर्शनाच्या आधीचा रविवार. निखिल इराला पोहायला घेऊन गेला होता. तुम्ही स्वयंपाकघरात फरशीवर पेपर पसरून बसला होता, भोवती चुरगाळलेले कालवे. गोळीचा अंमल उतरत आला होता. मी भांडी घासत होते.

‘अनघा, जरा इकडे ये.’

आले.

‘हात धर.’

आपल्या घरात सून सासऱ्यांचा हात धरत नाही, हे तुम्हाला माहीत होतं आणि मलाही. लग्नाला दहा वर्षं झाली होती. मी तुमच्या पायांना कितीदा हात लावला असेल, हाताला एकदाही नाही. मी हात पुसले, पुन्हा पुसले, तुमच्या मागे गुडघ्यांवर बसले आणि मनगट धरलं. फ्रीजच्या मागच्या बाजूला हात ठेवल्यावर लागतं तसं आतून काहीतरी सारखं चालू होतं.

‘दाबू नकोस.’

‘नाही दाबत.’

‘ओढू नकोस.’

‘बाबा, मी काहीच करत नाहीये.’

‘मग धरलंयस कशाला?’

कुंचला टेकला. मुकुट आला, दात आले, आणि त्यांच्यामधून, सुटं न पडता, कणा खाली उतरत गेला. पोट, शेपूट. कुंचला उचलताना शाईची वाटी माझ्या गुडघ्याने लवंडली आणि आपण दोघंही तिकडे बघितलंच नाही. शब्द उभा होता. सरळ होता.

‘आली की हो रेघ, बाबा!’

तुम्ही वाकून ती वरपासून खालपर्यंत तपासलीत. ‘आली खरी,’ म्हणालात. ‘पण तुझी आहे.’

तिथून वाद सुरू झाला. फरशी पुसताना, चहा पिताना, दुसऱ्या दिवशी बसमध्ये. मी म्हटलं, मी फक्त कंप अडवला, रेघ तुमची. तुम्ही म्हणालात, कंप कोणाचा आहे? माझा. तो काढून टाकलास तर राहिलं कोण? मी म्हटलं, सत्यनारायणाला पळीने पाणी निखिल सोडतो आणि मी त्याच्या हाताला हात लावते. पुण्य कोणाला?

‘दोघांना.’

‘मग?’

‘पुण्य वाटून घेता येतं. रेघेला मालक एकच असतो.’ आणि वर, ‘तू तर देवही मानत नाहीस. पुण्याचं बोलतेस कशाला?’

प्रदर्शनात तुम्ही तो कागद लावू दिला नाही. स्वतः एकट्याने काढलेला लावलात. त्यातला कालवा वरून खालपर्यंत असा कापत गेला होता, की पाणी सोडलं असतं तर दोन्ही काठांना गेलं असतं. हे तुमचंच वाक्य.

उद्घाटनाला गावचे उपनगराध्यक्ष आले होते. त्यांनी बरंच बोलून घेतलं.

‘काय म्हणतायत?’ तुम्ही कुजबुजलात.

‘पूल बांधलाय म्हणतायत.’

‘कुठे?’

‘दोन संस्कृतींच्या मध्ये.’

‘हं. टेंडर निघालं होतं का?’

मग तो गळ्यात लांब उपरणं गुंडाळलेला गृहस्थ तुमच्या कागदासमोर थांबला. अनंतसमोर थांबला नाही, स्वातंत्र्यासमोर थांबला नाही. कालव्यासमोर मान कलती करून उभा. ‘किती जिवंत,’ म्हणाला. ‘ही थरथर! अशी थरथर ठरवून आणता येत नाही.’

मी तुम्हाला शब्दशः सांगितलं.

‘त्याला सांग, हा आजार आहे.’

मी तेही शब्दशः सांगितलं. गृहस्थाचे डोळे पाणावले. ‘गेनाऊ,’ म्हणाला, ‘अगदी बरोबर, तीच वेदना दिसते.’ आणि कागद मिळेल का, असं विचारलं. तुमच्या कपाळाची शीर मला ओळखीची होती. मी तुमच्या आणि त्याच्या मध्ये उभी राहिले. पण तुम्ही एकदम थकल्यासारखे झालात. ‘देऊन टाक,’ म्हणालात. ‘आजार घरात कशाला ठेवायचा?’ तोच तो करसल्लागार. आमचं दर वर्षीचं काम आता तो करतो. माणूस चांगला आहे. तुमच्या कागदाखाली लोक आपले कागद मांडीवर घेऊन बसलेले असतात.

इरा तेव्हा आठ वर्षांची. तिने तो कागद भिंतीवरून काढताना बघितला. ‘ओपा, दास इस्ट क्रुम,’ म्हणाली.

‘काय म्हणतेय?’

‘वाकडी आहे म्हणतेय.’

‘बघ,’ तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात, तो तिथे थरथरत राहिला आणि ती हसायला लागली, गुदगुल्या होतात म्हणून. ‘या घरात ही एकटी खरं बोलते.’

त्यानंतर तुम्ही पुन्हा आला नाहीत. डॉक्टरांनी विमानप्रवासाला नको म्हटलं. दर रविवारी मी कॉलिंग कार्ड खरवडून नंबर फिरवायचे. आधी निखिल बोलायचा, तब्येत, गोळ्या, पेन्शन. मग इरा, तुम्ही मराठीत, ती जर्मनमध्ये, दोघंही खूश. शेवटी मी. तुमचा आवाज महिन्यागणिक बारीक होत गेला, पण वाद शाबूत होता. ‘विचार केलास का?’ तुम्ही विचारायचात. ‘केला. रेघ तुमचीच.’ ‘पुन्हा कर.’ एकदा तुम्ही म्हणालात, समज तू कोणा आंधळ्याला रस्ता ओलांडून दिलास, तर चाललं कोण? मी म्हटलं, तो. मला वाटलं, जिंकले. मग तिकडून आवाज आला, ‘ही लाइन फार खरखरतेय,’ आणि तुम्ही फोन निखिलला द्यायला सांगितलात.

जानेवारीत म्हणालात, ‘वसंताच्या सत्रात माझं नाव घाल. एप्रिलमध्ये येतो. समोरासमोर बसून ठरवू, ती कोणाची ते.’ तुम्हाला घास गिळता येत नव्हता हे मला सुषमाआत्याकडून कळलं होतं. मी ‘घालते’ म्हटलं आणि नाव घातलं. दुसरं काय करणार होते?

मिरजेला निखिलने तुमच्या कानाला फोन लावला. ‘बोल,’ म्हणाला, ‘ऐकू जातंय त्यांना, बोलता येत नाही.’ बाबा, मी जगातल्या प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलते. उपनगराध्यक्षांवर, देवावर, तुमच्या पट्टीवर. नाकात नळी घातलेल्या माणसाला मी विचारलं, ‘जेवलात का?’

तिकडे यंत्राचा आवाज येत होता. मी आणखी काही बोलले नाही. काय बोलायचं ते माहीत नव्हतं असं नाही. त्या रविवारी फरशीवर काय झालं ते सांगायचं होतं, कारण ते मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं, वादाच्या नादात. मुकुटापासून दातांपर्यंत तुमचा हात माझ्या मुठीत थरथरत होता आणि मी त्याला घट्ट धरून होते. तिथपर्यंत मला माहीत आहे. मग कण्याच्या मध्यावर कुठेतरी ती थरथर थांबली. मी जोर लावला नव्हता. तुम्हीही लावला नसावा. तिथून खाली कुंचला कोणी नेला, ते मला कळलं नाही. मी ‘तुमचीच, तुमचीच’ म्हणत राहिले ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही ‘तुझी’ म्हणत होता ते कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. मला खरंच माहीत नाही, बाबा. कागद काढून बघते. रेघेकडे बघून काही कळत नाही.

निखिल रोज फोन करतो. दहावं झालं, कावळा लगेच शिवला म्हणाला. म्हणजे तुमची काही इच्छा राहिली नाही असं सगळ्यांचं मत पडलं. कावळ्याला काय माहीत.

काल मंगळवारी नवं सत्र सुरू झालं. वर्गावर जायच्या आधी मी शाळेच्या ऑफिसात गेले, तुमचं नाव काढायला. तिथल्या बाई सभ्य होत्या. म्हणाल्या, नाव मागे घ्यायला ज्यांचं नाव आहे त्यांनी स्वतः अर्ज द्यावा लागतो. मी म्हटलं, ते वारले. त्यांनी चष्मा काढला, मनापासून सहवेदना व्यक्त केली, चष्मा पुन्हा लावला आणि म्हणाल्या, मग मृत्यूचा दाखला आणा, अधिकृत जर्मन भाषांतरासह. दाखला अजून नगरपालिकेत आहे. निखिल तो मराठीत आणणार, मग भाषांतर, मग शिक्के.

‘तोपर्यंत?’ मी विचारलं.

‘तोपर्यंत नाव राहील.’

मी वर गेले. ओयुनबाईंना फोनवर आधीच सांगितलं होतं. त्यांनी हजेरी घेतली. तुमच्या नावापाशी आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हजर अशी खूण केली. मला वाटलं, भावनेच्या भरात. तास संपल्यावर त्यांनीच सांगितलं, यंदा लोक कमी आलेत. किमान आठ नावं नसतील तर वर्ग रद्द होतो.

तुम्हाला धरून आम्ही आठ आहोत.